चालत्या सॉफ्टवेअरची डागडुजी

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. तूप, लोणी, चीज यांच्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश. जागरण पडलं ते बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा घाईघाईत लिहिलेल्या कोडमध्ये ०.१२ हा आकडा कुठे कुठे चिकटवलाय, हे आता कुणालाच ठाऊक नसतं. ‘१२’ शोधायला जावं तर वर्षाचे महिने, डझनाचे नग, अहवालातल्या रकान्याची रुंदी असं सगळंच समोर येऊन पडतं. बरं, नुसता दर बदलून भागत नाही. २१ सप्टेंबरचं बिल उद्या पुन्हा छापलं तर त्यावर जुनाच दर यायला हवा. ऑगस्टमध्ये विकलेला माल परत आला तर त्याची क्रेडिट नोटही जुन्याच दरानं निघायला हवी. म्हणजे कोडातले आकडे उचलून दराचा वेगळा तक्ता करायचा, त्यात ‘लागू दिनांक’ हा रकाना ठेवायचा आणि प्रत्येक बिलानं आपापल्या तारखेचा दर तिथून घ्यायचा. सांगायला तीन ओळी. पण चालू सॉफ्टवेअरमध्ये हे करताना इतर काही मोडलं नाही ना, याची खात्री कशी करणार?

हा लेख अशा कामात असणाऱ्यांसाठी आहे. कोल्हापूर, सांगली, नाशिक, अहिल्यानगर भागात दोन-चार जणांच्या कितीतरी कंपन्या दूध संस्था, पतसंस्था, अडत दुकानं यांची सॉफ्टवेअर सांभाळतात. मूळ लिहिणारा पुण्याला किंवा परदेशात निघून गेलेला, कागदपत्रं नाहीत, आणि प्रोग्राम व्हीबी ६ किंवा व्हिज्युअल फॉक्सप्रोमधला. मायक्रोसॉफ्टनं व्हीबी ६ ची देखभाल २००८ मध्ये थांबवली, फॉक्सप्रोची २०१५ मध्ये. संस्थेचे सचिव मात्र रोज सकाळ-संध्याकाळ त्यावरच संकलन घेतात.

मदतीला साधनं भरपूर आहेत, बहुतेक फुकट आहेत आणि त्यांची नावंही तुम्हाला माहीत असतील. गफलत होते ती क्रमात. लोक थेट ‘सगळं नव्यानं लिहू’ किंवा ‘एआयला विचारू’ इथून सुरुवात करतात. माझा आग्रह असा की आधी मागे फिरायची सोय करा, मग सॉफ्टवेअर आज जसं वागतं ते पकडून ठेवा, आणि त्यानंतरच त्याला हात लावा.

मागे फिरायची सोय

‘डेअरी_फायनल’, ‘डेअरी_फायनल_नवीन’, ‘डेअरी_चालू_हेच_वापरा’ अशी फोल्डरं तुमच्याकडे असतील तर आजच थांबा. कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी साधनं १९७२ पासून आहेत. बेल लॅब्जमधलं एससीसीएस हे त्यांतलं सुरुवातीचं. आज बहुतेकांच्या हाती असतं ते गिट. लिनक्सच्या गटाला बिटकीपर हे साधन फुकट वापरता येईना, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्सनं ते लिहायला घेतलं. गिट वापरायला इंटरनेट किंवा सर्व्हर लागत नाही. एका लॅपटॉपवरही ते चालतं.

जुनी फोल्डरं फेकू नका. तारखेच्या क्रमानं एकेक फोल्डर गिटमध्ये चढवा, म्हणजे मोडकातोडका का होईना, इतिहास तयार होतो. व्हीबी ६ चे फॉर्म मुळात मजकुराच्या फायली असतात, त्यामुळे दोन आवृत्त्यांत काय बदललं ते गिट ओळीओळीनं दाखवतं. फॉक्सप्रोचं तसं नाही. त्याचे फॉर्म आणि क्लास बायनरी असतात, गिटला नुसतं ‘काहीतरी बदललं’ एवढंच कळतं. त्यासाठी फॉक्सबिन-टू-पीआरजी हे मुक्त साधन आहे. ते फॉर्मचं मजकुरात रूपांतर करतं आणि उलटही. हे एक साधन बसवलंत तरी फॉक्सप्रोवाल्यांचा निम्मा त्रास कमी होतो.

कोडबरोबर डेटाबेसची रचना, अहवालांचे साचे आणि लागणाऱ्या ओसीएक्स फायलींची यादीही गिटमध्ये हवी. सभासदांचा डेटा मात्र कधीही नको. नाव, आधार क्रमांक, बँक खातं असलेली फाईल एकदा गिटमध्ये गेली की पुढे पुसली तरी इतिहासात राहते. पासवर्डचंही तेच.

आणि प्रत्येक बदलाच्या नोंदीत कारण लिहा. ‘बदल केले’ या नोंदीचा कुणाला काय उपयोग? ‘म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट ९ एसएनएफच्या खाली गेल्यावर कपात दोनदा होत होती, ती एकदाच केली’ असं लिहिलं तर तीन वर्षांनी तुमच्या जागी आलेला माणूस दुवा देईल. नोंद मराठीत लिहिली तरी गिटची काही हरकत नसते.

इथेच एक परीक्षा घ्या. रिकाम्या संगणकावर, किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं विंडोज टाकून, फक्त गिटमधल्या फायलींवरून ईएक्सई तयार होते का ते पाहा. पहिल्या खेपेला बहुधा होत नाही. कुठली तरी डीएलएल एकाच जुन्या पीसीवर असते आणि तो पीसी टेबलाखाली धूळ खात पडलेला असतो. ती शोधून काढायची वेळ आत्ताची आहे, तो पीसी बंद पडल्यानंतरची नाही.

आजचं वागणं पकडून ठेवा

मायकेल फेदर्स यांचं जुन्या कोडवरचं पुस्तक २००४ मध्ये आलं. ज्या कोडला चाचण्या नाहीत तो जुना कोड, अशी साधी व्याख्या त्यांनी केली. मग तो काल का लिहिलेला असेना. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त कामाचा आहे: सॉफ्टवेअरनं काय करायला हवं ते बाजूला ठेवा, ते आज काय करतं ते आधी टिपा. बरोबर-चूक नंतर ठरवू.

दूध संस्थेच्या बाबतीत हे करणं सोपं आहे. एका दहा दिवसांच्या बिलाचा सगळा डेटा घ्या. नावं आणि खाते क्रमांक बदलून टाका. लिटर, फॅट, एसएनएफ तसेच राहू द्या. बिल चालवा आणि आलेला निकाल मजकुराच्या फाईलमध्ये साठवा: सभासद, तारीख, वेळ, लिटर, दर, रक्कम, कपाती, निव्वळ देणं. हा झाला तुमचा नमुना. आता कोडमध्ये काहीही बदललं की तोच डेटा पुन्हा चालवायचा आणि दोन फायली विनमर्जसारख्या साधनानं शेजारी शेजारी लावायच्या. एक ओळ जरी वेगळी निघाली तरी ती का वेगळी, याचं उत्तर देता आलं पाहिजे.

याची गरज कुठे पडते ते एका उदाहरणानं पाहू. गायीचं दूध ४.७ लिटर, दर ३८ रुपये ७५ पैसे. गुणाकार १८२.१२५. आता दोन दशांशांवर आणायचं. फॉक्सप्रोचं राउंड फंक्शन अर्धा पैसा वर ढकलतं: १८२.१३. हाच हिशेब सी-शार्पमध्ये नेला तर तिथलं मॅथ-राउंड, वेगळं काही न सांगता, अर्धा जवळच्या सम अंकाकडे नेतं: १८२.१२. व्हीबी ६ चं राउंडही तसंच वागतं आणि पायथनचंही. एसक्यूएल सर्व्हर मात्र फॉक्सप्रोसारखा वर जातो. म्हणजे रूपांतर करणाऱ्यानं एकही ओळ चुकीची लिहिली नाही, तरी पैसा बदलला. गावात हा एक पैसा लपत नाही, कारण सभासदाकडे स्वतःची वही असते आणि तो ती सचिवासमोर उघडतो. नमुन्याची फाईल असेल तर हा फरक तुमच्या टेबलावरच दिसतो आणि नवी पद्धत ठेवायची की जुनी, हे संस्थेला विचारून ठरवता येतं.

नमुन्यात नेहमीचा डेटा पुरत नाही, कडेचा लागतो. फॅट शून्य, दूध परत केलेलं, दर मध्यरात्री बदललेला, महिन्याच्या ३१ तारखेमुळे अकरा दिवसांचं झालेलं बिल. आणि मराठी नावं, यांच्यावर थोडं थांबायला हवं.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. नावाचा रकाना वीस बाइटचा असेल तर सहा चिन्हं मावतात, म्हणजे ‘ज्ञाने’, आणि पुढचं नाव गायब. ओरॅकलमध्ये व्हारचार-टू चा आकडा मुळात बाइटमध्येच धरला जातो, मायएसक्यूएलमध्ये चिन्हांत. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना नावं इथेच कापली जातात. दुसरं उदाहरण ‘कऱ्हाड’चं. यातला ‘ऱ’ एकाच चिन्हानं लिहिता येतो, ‘र’ आणि नुक्ता मिळून लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असाही लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखेच. शोधताना मात्र तीन वेगळी गावं. युनिकोडची एनएफसी ही प्रमाणीकरणाची रीत पहिल्या दोघांना एक करते, तिसऱ्याला करत नाही. त्याचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो. जुन्या फाँटांतला डेटा युनिकोडमध्ये आणलेल्यांच्या याद्यांत हा घोळ हमखास सापडतो. म्हणून चाचणीच्या डेटात ‘अबक’ आणि ‘टेस्ट १’ भरू नका. गोऱ्हे, कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, कृष्णा, श्रीरंग भरा.

बिघाड नेमका कधी शिरला

‘मागच्या महिन्यापर्यंत बरोबर येत होतं’ ही तक्रार रोजची. इथे गिटमधली बायसेक्ट ही आज्ञा फार उपयोगी पडते आणि आपल्याकडे ती कमी वापरली जाते. गिटला एक जुनी, नक्की बरोबर असलेली आवृत्ती दाखवायची आणि एक आजची, बिघडलेली. गिट मधली आवृत्ती काढून देतं. तुम्ही ती तपासून ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ एवढंच सांगायचं. प्रत्येक वेळी उरलेल्यांतला अर्धा भाग बाद होतो. हजार बदलांत एक वाईट बदल शोधायला दहा तपासण्या पुरतात. वर सांगितलेली नमुन्याची चाचणी आपोआप चालत असेल तर तीही गिटच्याच हवाली करता येते; तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत बदल सापडलेला असतो.

अट एकच: प्रत्येक नोंदीवर प्रोग्राम तयार झाला पाहिजे. शनिवारी संध्याकाळी आठवडाभराचं काम एका नोंदीत कोंबलं असेल तर बायसेक्ट त्या नोंदीपर्यंत आणून सोडेल आणि पुढचे चाळीस बदल तुम्हाला हातानं उपसावे लागतील.

इशारे देणारी साधनं

कोड न चालवता, नुसतं वाचून चुका दाखवणारं लिंट हे साधन बेल लॅब्जमध्ये स्टीव्हन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास केलं. आज जवळजवळ प्रत्येक भाषेला तसं साधन आहे. त्यांची किंमत कळायला फेब्रुवारी २०१४ मधली ॲपलची गोष्ट पुरेशी आहे. आयफोन आणि मॅकमध्ये सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडात ‘गो-टू फेल’ ही एकच ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली. दुसऱ्या ओळीला कुठलीच अट नव्हती. त्यामुळे खालची सहीची तपासणी कधी झालीच नाही आणि खोटी जोडणीही खरी म्हणून पास झाली. ‘या ओळीपर्यंत प्रोग्राम कधीच पोचणार नाही’ हा इशारा चालू असता तर ही चूक तिथल्या तिथे दिसली असती. इशारा देणारी सोय कंपायलरमध्ये होती, पण ती वेगळी चालू करावी लागत होती.

जुन्या कोडवर असं साधन पहिल्यांदा चालवलं की हजारोंनी इशारे येतात. माणूस घाबरतो आणि साधन बंद करतो. तसं करू नका. आजचे सगळे इशारे ‘माहीत आहेत’ म्हणून एका फाईलमध्ये बाजूला टाका आणि फक्त नव्या इशाऱ्यांवर अडवा. सोनारक्यूबमध्ये नव्या कोडसाठी वेगळी चाळणी लावायची सोय याचसाठी आहे. जुन्यांपैकी दोनच जाती आधी पाहा: घोषित न केलेली व्हेरिएबल आणि गिळून टाकलेल्या चुका. व्हीबी ६ मध्ये प्रत्येक फायलीच्या माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहिलंत तर पहिली जात कंपायलरच पकडतो. ‘रेट’ऐवजी ‘रेय’ टंकलेलं, म्हणून शून्य धरलं गेलेलं व्हेरिएबल असंच सापडतं. दुसऱ्या जातीसाठी ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ कुठे कुठे आहे ते शोधा. तिच्या खाली काय काय दडलंय ते बघून झोप उडते.

कोड नीटनेटका मांडून देणारी साधनंही आहेत. ती वापरा, पण मांडणीचा बदल एका वेगळ्या नोंदीत करा, तिच्यात दुसरं काही मिसळू नका. नाहीतर ‘ही ओळ कुणी, कधी, का लिहिली’ या प्रश्नाला गिट प्रत्येक वेळी ‘परवा, मांडणी सुधारली’ हेच उत्तर देईल. गिटला अशी नोंद वगळायलाही सांगता येतं.

आकृत्यांचं काय?

१९८० च्या दशकात केस साधनांचा मोठा बोलबाला होता. पडद्यावर आकृत्या काढायच्या, कोड यंत्रच तयार करेल, असा तो दावा. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच बजावलं होतं की एका दशकात दसपट फायदा करून देईल असं एकही तंत्र समोर दिसत नाही. तरी ती कल्पना वाया गेली नाही. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आराखड्यावरून कोड तयार करणाऱ्या साधनांवर वर्षानुवर्षं काम झालं आणि त्यातून टीसीएसचं मास्टरक्राफ्ट आलं. बँकिंग, विमा अशा ठिकाणी, जिथे एकाच साच्याची शेकडो कामं असतात, तिथे हा मार्ग फळला.

छोट्या कंपनीनं मात्र उलटा रस्ता धरावा: आकृतीवरून कोड काढण्यापेक्षा कोडावरून आकृती काढावी. हातानं काढलेली आकृती सहा महिन्यांत खोटी होते. स्कीमास्पायसारखं साधन डेटाबेसमधून तक्त्यांचे संबंध काढून देतं, डॉक्सिजन कुठलं फंक्शन कुणाला बोलावतं ते दाखवतं. फॉक्सप्रोत हे थोडं अवघड, कारण तक्त्यांतले संबंध बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये नोंदलेलेच नसतात. ते ‘सेट रिलेशन’च्या ओळींत विखुरलेले असतात. त्या ओळी शोधून त्यांची यादी केली तरी पहिला नकाशा हाती येतो.

गावोगावी पोचवताना

१ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीनं नवा प्रोग्राम वापरात आणला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो चढवायचा राहिला. त्या एकावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कामासाठी तोच जुना फ्लॅग पुन्हा वापरलेला होता. बाजार उघडला, जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलरचं नुकसान झालं.

आपल्याकडे सर्व्हर आठ नसतात, पण पेनड्राइव्ह घेऊन पंधरा गावं फिरावी लागतात आणि सोळावं राहून जातं. तेव्हा आवृत्तीचा क्रमांक पडद्यावर आणि छापील बिलाच्या तळाशी आपोआप येऊ द्या. सचिवाचा फोन आला की पहिला प्रश्न तोच: ‘साहेब, बिलाच्या खाली कोणता नंबर आहे?’ वापरात नसलेला कोड काढून टाका. गिटमध्ये तो राहतोच. कोड गिटमध्ये गेला की ईएक्सई बनवून नमुन्याची चाचणी चालवणारी सोय जेनकिन्स, गिटलॅब किंवा गिटहब ॲक्शन्सवर लावता येते. विंडोजचा एक जुना पीसी या कामाला पुरतो. चाचणी नापास झाली तर ईएक्सई बाहेर जाणार नाही, इतका एक नियम पाळा.

इंटरनेटवरून घेतलेल्या लायब्ररी वापरत असाल तर त्यांची आवृत्तीसकट यादी ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे मधलं भगदाड उघड झालं, तेव्हा ‘ते आपल्याकडे आहे का’ या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जगभरातल्या टीमचे दिवस गेले.

एआय मदतनीस, शेवटी

एआय मदतनीस वापरू नका असं मी म्हणणार नाही. कुणीतरी टिपणाविना लिहून ठेवलेली तीनशे ओळींची फॉक्सप्रो प्रोसिजर समजावून घ्यायला ते फार कामाचे आहेत, आणि चाचण्यांसाठी कडेची उदाहरणं सुचवायलाही. पण त्यांना ‘हे सी-शार्पमध्ये करून दे’ म्हटलंत की कोड छान, स्वच्छ येतो आणि वरचा तो एक पैसा बिनबोभाट बदललेला असू शकतो. वाचून तो दिसत नाही. नमुन्याची फाईलच दाखवते. म्हणून त्यांचा क्रम शेवटचा. दिलेला बदल एका वेळी एकच घ्या, तो तुम्हाला स्वतःला समजावून सांगता येत नसेल तर गिटमध्ये नेऊ नका, आणि समजावून घेण्यासाठी सभासदांचा खरा डेटा कुठल्याही बाहेरच्या सेवेत चिकटवू नका.

राहिला वेळेचा प्रश्न. गिट बसवणं आणि जुना इतिहास चढवणं एखाद्या आठवड्यात होतं. पहिला नमुना तयार करायला त्याहून जास्त लागतो, कारण डेटातली नावं बदलणं आणि संस्थेची परवानगी घेणं हे कामही त्यात येतं. हा वेळ फुकटात धरू नका. वार्षिक देखभालीच्या करारात ‘चाचणी व आवृत्ती व्यवस्थापन’ असं स्वतंत्र कलम घाला. सरकारी दरबदलासाठी किती दिवस आधी सूचना लागेल ते लिहा, आणि सोर्स कोडची प्रत कुणाकडे राहील तेही. करार नूतनीकरणाला मार्च-एप्रिलमध्ये येतो. संचालक मंडळासमोर हा खर्च मांडायचा असेल तर दहा दिवसांच्या बिलाच्या त्या दोन फायली, जुनी आणि नवी, छापून सोबत न्या.